वंशावळ आणि शेजार

वसईतल्या गिरीज गावात आडनावावरून नाते ठरवायला जाऊ नये. एकाच आडनावाची दोन घरे बांधाला बांध लावून पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्यात सोयरीकही होते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. उलट वेगळ्या आडनावांची दोन घरे एकाच आज्याची निघतात. पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे आडनाव नव्या माणसाला लागे. डिमेलो, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावे अशी वसईभर पसरली. त्यांच्या मुळाशी रक्ताचे नाते असेलच असे नाही. गावाला हे पक्के ठाऊक आहे. म्हणून जुनी माणसे अनोळखी पोराला आडनाव विचारत नाहीत. विचारतात, ‘कोणाचा रे तू? कुठल्या आळीतला?’ आणि उत्तर ऐकून त्याच्या आजीचे माहेर सांगून मोकळी होतात.

आपल्याकडे घराण्याचा शोध हौसेने कमी आणि गरजेने जास्त होतो. जातपडताळणी समितीपुढे वंशावळ मांडावी लागते. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा द्यायचा, तर पणजोबांचा शाळेतला दाखला धुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेली कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची पाने, मोडी वाचणाऱ्यांसह एकदम महत्त्वाची झाली. वसईत गरजेचा आणखी एक प्रकार अधूनमधून कानावर येतो. आपले पूर्वज पोर्तुगीजांची प्रजा होते, मग आपल्याला लिस्बनचा पासपोर्ट मिळेल का? मिळत नाही. ती सोय गोवा, दमण आणि दीवमध्ये 1961 पूर्वी जन्मलेल्यांच्या घराण्यांना आहे. वसईतली पोर्तुगीज सत्ता 1739 मध्येच संपली. 222 वर्षे आडवी येतात.

माझ्या घरी यांतली कोणतीच गरज नव्हती. आजीच्या गोष्टी होत्या, आणि त्यांतल्या कुठल्या गोष्टीला कागदाचा आधार मिळतो हे तपासून पाहायची मला खोड होती.

आजी साल सांगत नसे. तिच्या पिढीतले कोणीच सांगत नसे. त्यांचा काळ घटनांना बांधलेला असे. ‘प्लेगात माणसे घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहिली’ हे तिने सासूकडून ऐकलेले. म्हणजे 1896 नंतरची काही वर्षे. ‘फ्लूच्या साथीत एका आठवड्यात आळीतली तीन घरे बसली’ म्हणजे 1918. ‘रेशन आले तेव्हा’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला मुंबईचा शिधावाटपाचा काळ. ‘मोठे वादळ’ म्हणजे नोव्हेंबर 1948 चे. त्यात केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि चुलत्याच्या घरावरची कौले शेजारच्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तलावात, सापडली, असे ती सांगे. स्वतःच्या लग्नाबद्दल विचारले की म्हणे, ‘गोदीत स्फोट झाला त्याच वर्षी, पावसाच्या आधी.’

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतला तो स्फोट 14 एप्रिल 1944 चा, शुक्रवारचा. त्या वर्षी ईस्टरचा रविवार 9 एप्रिलला होता. त्याआधीच्या उपवासकाळात कॅथलिक घरांत लग्ने लागत नाहीत. तेव्हा ‘त्याच वर्षी, पावसाच्या आधी’ याचा अर्थ एकतर उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी, जानेवारी-फेब्रुवारीत, नाहीतर ईस्टर ते जूनचा पहिला आठवडा एवढ्यात. चर्चच्या विवाह नोंदवहीत नेमका मे महिना निघाला. म्हाताऱ्या माणसांची स्मृती धूसर असते असे आपण सहज म्हणून जातो. त्यांची स्मृती धूसर नसते, त्यांची दिनदर्शिका वेगळी असते. ती उलगडायला सण, साथी, पूर, वादळे आणि लढाया यांचा एक तक्ता जवळ ठेवावा लागतो, इतकेच.

ही चर्चमधली वही मुळात आली कुठून? ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये कॅथलिक जगातल्या प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंद ठेवायला सांगितले. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूंची भर घातली. इंग्लंडने रोमशी फारकत घेतलेली, पण नोंदीच्या बाबतीत ते पंचवीस वर्षे पुढे होते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्येच प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. हुकमात पेटीचाही उल्लेख आहे. वहीसाठी दोन कुलपांची पेटी करायची, एक किल्ली पाद्रीकडे, दुसरी गावाने नेमलेल्या चर्चच्या कारभाऱ्यांकडे. दोघे हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. कोणाही घराची नोंद करायची तर गाव साक्षीला हवे, ही समज तिथे पहिल्या दिवसापासून होती.

त्या वह्यांच्या जोरावर इंग्लंडमध्ये घराण्याचा इतिहास शोधणे हा आज सामान्य माणसाचा छंद झाला आहे. बेडफर्डशरने 1913 मध्ये पहिला कौंटी दप्तरखाना सुरू केला आणि पुढे बहुतेक परगण्यांत तशी दप्तरे उभी राहिली. शिवाय 1841 पासूनची जनगणना तिथे नावानिशी जपलेली असते आणि शंभर वर्षे उलटली की खुली होते. 1921 ची 2022 मध्ये झाली. 1931 ची आगीत गेली आणि 1941 ची युद्धामुळे झालीच नाही, तरी हातात बरेच उरते. आपल्याकडे 1872 पासून जनगणना आहे, पण त्यातून आकडे मिळतात, माणसे मिळत नाहीत. घरोघरी भरलेले तक्ते बेरजा झाल्यावर ठेवले गेले नाहीत. जन्ममृत्यूची नोंद सक्तीची करणारा कायदा 1969 चा. त्याआधीचा माणूस शोधायचा तर वाटा ठरलेल्या आहेत: जमिनीचे कागद, शाळेचे दाखल-खारज रजिस्टर, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि ख्रिस्ती घर असेल तर चर्च.

चर्चमध्ये जाण्याआधी एक गोष्ट समजून घेतलेली बरी. वसईचे धर्मग्राम गेल्या दीडशे वर्षांत चार धर्मपीठांखाली होते. आधी गोव्याचे महाधर्मपीठ, 1886 पासून दमणचा धर्मप्रांत, 1928 पासून मुंबईचे महाधर्मपीठ आणि 22 मे 1998 पासून स्वतःचा वसई धर्मप्रांत. त्यामुळे एखाद्या जुन्या गोष्टीचा कागद मूळ चर्चमध्ये नसला, तरी तो कुठल्या शहराच्या दिशेने गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. जुन्या पानांची भाषा पोर्तुगीज आणि लॅटिन. मराठी नोंदी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतर, हळूहळू दिसू लागतात. भाषेची धास्ती घेण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा साचा ठरलेला असतो. तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, गाव, धर्मपिता, धर्ममाता, पाद्रीची सही. दहावीस नोंदी लावून वाचल्या की डोळा बसतो. अडचण अक्षराची आणि वाळवीची असते.

मी गेलो होतो आजोबांचे आजोबा शोधायला. सापडले ते मुख्यतः त्यांचे शेजारी.

बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीत आईबापांच्या खाली दोन नावे असतात, धर्मपिता आणि धर्ममाता. आपल्या घराच्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या आणि ही दोन नावे बाजूला काढली, की त्या काळचा अख्खा शेजार समोर उभा राहतो. कोणत्या घराशी जाणेयेणे होते, कोणत्या घराची पत होती, कोणते घर अमुक सालानंतर नोंदींतून नाहीसे झाले, सारे त्यात असते. आमच्या आजोबांच्या धर्मपित्याचे घर आज आमच्याशी बोलत नाही. बांधावरून काहीतरी झाले, काय झाले ते दोन्ही घरांत कोणाला नीट सांगता येत नाही. त्या घराने आमच्या तीन पिढ्यांतली मुले बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी हातांवर धरलेली आहेत, हे वहीने सांगितले. आजीने सांगितले नव्हते. भांडण तिच्याच हयातीतले.

कागदाला जे ठाऊक नसते ते मात्र तिच्या गोष्टींत असे. त्यातली एक वसईत घरोघरी सांगतात. गोव्यात सांगतात, साष्टीत सांगतात, कोकणभर सांगतात. रात्री पाद्रीने येऊन गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोकांनी पाणी प्यायले, आणि बाटले म्हणून साऱ्या गावाला ख्रिस्ती व्हावे लागले. सगळीकडे तीच विहीर, तोच पाव, तीच सकाळ. एवढ्या ठिकाणी एकसारखी घडलेली घटना मला घटना वाटत नाही. कागदातली हकीगत लांबलचक आहे. गुजरातच्या बहादूरशहाने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आले, त्यांच्यात अंतोनियो द पोर्तो हा सर्वांत धडाडीचा. देवळे पाडणे, चर्च उभारणे आणि अनाथ मुलांना ख्रिस्ती करून सांभाळणे ही तिन्ही कामे त्याच्या नावावर आहेत. मग जेझुइट आले. सत्तेचा धाक होता, सवलती होत्या, नोकरी होती, जमिनीचा हक्क टिकवायची निकड होती, आणि मनापासून धर्म स्वीकारलेलेही होते. हे सारे व्हायला पिढ्या गेल्या.

मग गोष्ट एका रात्रीत का उरकते? कारण ती धर्मांतराची गोष्ट नसून पाण्याची गोष्ट आहे. एका विहिरीवर पाणी भरणारे सगळे एकदम बाटतात, एकटादुकटा नाही. सांगणाऱ्याला ठासून सांगायचे असते की आम्ही कोणी पुढे होऊन गेलो नाही, गेलो ते सगळ्यांबरोबर. शेजाऱ्याला सोडून गेल्याचा ठपका ती गोष्ट पुसून टाकते. आणि खरेच, धर्म बदलला तरी आळ्या मोडल्या नाहीत, सोयरिकीचे कायदे बदलले नाहीत. सामवेदी, वाडवळ, कोळी हे ख्रिस्ती झाल्यावरही आपापल्या चालीरीतींनी आणि आपापल्या बोलींनी राहिले. वसईच्या उत्तर पट्ट्यातली सामवेदी ख्रिस्ती माणसे आणि तिथलेच सामवेदी ब्राह्मण आजही एकच कादोडी बोली बोलतात. देव्हारा वेगळा, शिव्या त्याच.

आमच्या आळीपलीकडे एका हिंदू शेजाऱ्यांचे घर आहे. त्यांच्या आजोबांना मी ‘अण्णा’ म्हणत असे. ते नाशिकला गेले की तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची वही उघडवीत, आधीच्या पिढ्यांतल्या सह्या पाहत, स्वतःची आणि मुलांची नावे लिहून येत. एकदा ते मला म्हणाले, ‘तुमची वही चर्चात, आमची गोदावरीवर. दोन्ही वह्या एकत्र बांधल्या तर गावची एक पोथी होईल.’ वसईतल्या काही घराण्यांच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. 1739 नंतर शुद्ध होऊन परतलेली कुटुंबे होती, ख्रिस्ती राहिलेली त्यांची भावकी होती. एका झाडाची अर्धी पाने एका दप्तरात, अर्धी दुसऱ्यात.

1739 हे साल गिरीजला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गावाला टेकलेली हिरा डोंगरी आहे, माथ्यावर दत्ताचे देऊळ आहे, आणि वसईच्या मोहिमेच्या काळात मराठ्यांनी तिथे बांधलेल्या वज्रगडाच्या खुणा आहेत. आमच्याकडे मुले तिथे पतंग उडवत वाढली. चिमाजी आप्पांच्या फौजांनी वसईच्या कोटाला वेढा घातला, मे महिन्याच्या आरंभी सुरुंगांनी सॅन सेबास्तियनचा बुरूज उडवला आणि 16 मे 1739 ला तहाची कलमे ठरली. पोर्तुगीजांना बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिले, मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. मोहिमेचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई यांनी 1930 च्या दशकात छापलेल्या पेशवे दप्तराच्या 45 खंडांत वाचता येतो. मूळ कागद पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. सुभेदार, सरदार, रसद, दारूगोळा सारे त्यात आहे.

आजीच्या गोष्टीत यातले काही नव्हते. तिच्या गोष्टीत होती घंटा. ‘चर्चची घंटा आपल्या लोकांनी विहिरीत लपवली होती, तरी नेलीच.’ कोणत्या विहिरीत, ते ती हाताने दाखवी. त्या विहिरीचा पुरावा मला मिळालेला नाही, घंटांचा मात्र आहे. वसई प्रांतातून विजयचिन्हे म्हणून नेलेल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 हे साल कोरलेले आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर 1707. भीमाशंकरलाही तशीच एक आहे. अण्णा दर वेळी नारोशंकराची घंटा पाहून येत आणि आजीला सांगत, ‘तुमची घंटा बरी आहे हो.’ आजी विचारी, ‘आवाज कसा आहे?’ दोघांनाही यात काही अवघड वाटत नसे.

राजवटी त्यानंतरही बदलल्या. पेशव्यांच्या वतीने शंकराजी केशव फडके वसईचे सरसुभेदार झाले. 1780 मध्ये इंग्रजांनी कोट घेतला, सालबाईच्या तहाने परत दिला. 31 डिसेंबर 1802 ला याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि 1818 मध्ये सगळेच इंग्रजांचे झाले. गावातल्या गोष्टींत यांतली एकही तारीख नाही. गावाच्या लेखी मोठे बदल दोनच: रेल्वे आली ते, आणि कुळाच्या नावावर जमीन झाली ते.

रेल्वेने वसईची वाडी मुंबईच्या दारात नेली. 1860 च्या दशकात मार्ग झाला. 1867 मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुटू लागली आणि 1936 मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोचली. विड्याची पाने, केळी, फुले, भाजी, दूध सारे पहाटेच्या गाडीने जाई. पुरुष दुधाच्या किटल्या घेऊन जात, बायका भाजीच्या पाट्या. आजी वांद्र्याला ठरलेल्या घरांत भाजी देई. तिच्या हयातीतल्या कोणत्याही सरकारी कागदावर तिचा हा व्यवसाय लिहिलेला नाही, सगळीकडे ‘घरकाम’. पण तिला वांद्र्याच्या त्या इमारतींमधली घरे मजल्यांसकट पाठ होती, कोणाकडे किती उधारी राहिली तेही. वसईतल्या कित्येक घरांचे कौल आणि मुलांचे शिक्षण या पाट्यांवर झाले. हा हिशेब फक्त बायकांच्या तोंडी आहे, आणि तो विचारला तरच मिळतो.

जमिनीच्या कागदांचे तसे नाही. ते बोलके असतात, फक्त सातबाऱ्यावर थांबू नये. सातबारा आजचा मालक सांगतो. घराण्याची गोष्ट फेरफारात असते. कोण मेले, वारस कोण लागले, बोजा कधी चढला, वाटण्या कधी झाल्या, ते फेरफार नोंदी क्रमाने मागवल्या की कळते. ख्रिस्ती घरांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. आमच्या फेरफारात पणजोबा वारल्यावर त्यांच्या मुलींची नावे लागलेली दिसतात आणि पुढच्याच नोंदीत हक्कसोडपत्राने कमी झालेली दिसतात. एवढ्या दोन ओळींत आजोबांच्या बहिणींची माहेरची जमीन संपते. लग्न होऊन त्या गेल्या ती गावे विवाह नोंदवहीतून काढली, तेव्हा आजची निम्मी भावकी पहिल्यांदा कळली.

कुळकायद्याचे असेच. 1948 चा कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालक केले. आमच्या घराची भातजमीन या कायद्याने आमची झाली. घरात ही गोष्ट नेहमी न्यायाची म्हणून सांगितली गेली, आणि ती होतीच. पण त्याच शेतात आवणीला आणि कापणीला पूर्वेच्या डोंगराकडून वारली कुटुंबे येत. आजीला त्या बायकांची नावे, त्यांच्या मुलांची नावे, कोणत्या पाड्यावरून येत ते सारे सांगता येई. एक बाई ओटीवर बाळंत झाली ती हकीगत ती दर पावसाळ्यात सांगे. ती माणसे चर्चच्या वहीत नाहीत, कारण ती ख्रिस्ती नव्हती. सातबाऱ्यावर नाहीत, कारण ती कूळ नव्हती. शाळेच्या रजिस्टरात नाहीत, कारण मुले शाळेत गेली नाहीत. याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव इतिहासात आले, तेही समूह म्हणून. आमच्या शेतात राबलेल्या त्या एका कुटुंबाचा एकमेव दस्तऐवज माझ्या आजीची आठवण होता.

वंशावळ काढणारा माणूस सहसा वर पाहत जातो. मागे मागे जाऊन कोणीतरी थोर निघावा ही आशा असते. वसईत तर तयार मोठेपणही उपलब्ध आहे. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये छापलेल्या महिकावतीच्या बखरीत बिंबराजाबरोबर आलेली 66 कुळे आहेत आणि आपले कूळ त्यात बसवण्याचा मोह अनेकांना होतो. ख्रिस्त्यांना गोन्सालो गार्सियाचे मोठेपण आहे. वसईत जन्मलेला, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला क्रुसावर चढवलेला आणि 1862 मध्ये संत झालेला. त्याचा बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच, एवढे सगळे सांगतात. त्या आईच्या आळीवर हक्क सांगणारे बरेच. मला यात फार अर्थ दिसत नाही. सात पिढ्या मागे गेल्यावर प्रत्येकाला 128 पूर्वज असतात. त्यांतल्या एकाला धरून उरलेल्या 127 जणांना विसरण्याला वंशावळ म्हणतात.

शेजाराकडे पाहिले की हिशेब वेगळा लागतो. इंग्लंडमधला स्थानिक इतिहासाचा मोठा अभ्यासक डब्ल्यू. जी. हॉस्किन्स याने 1955 च्या आपल्या पुस्तकात मांडले की गावाची जमीन हाच गावाचा सर्वांत समृद्ध दस्तऐवज आहे. कुंपण, वाट, बांध वाचता आले पाहिजेत. गिरीजला हे बावखलावरून कळते. बावखल म्हणजे वाडीतला गोड्या पाण्याचा खणलेला तलाव. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, खाडीचे खारे पाणी विहिरींपर्यंत येऊ देत नाही. पूर्वी त्याच्या काठावर रहाट असे आणि चारचार घरे पाळीने पाणी घेत. कोणाची पाळी कोणत्या दिवशी, हे जे सांगू शकत त्यांना त्या चार घरांचे आपसातले नाते, भांडण, वाटणी सारे सांगता येई. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे पुढे झाली, ती याच पाण्यासाठी आणि वाड्यांसाठी. तरीही कितीतरी बावखले भराव घालून बुजली. त्यांवर घरे झाली. सातबाऱ्यावर बावखलाची जागा कदाचित सापडेल, पाळ्या सापडणार नाहीत.

म्हणून माझे मत असे झाले आहे की एका घराचा इतिहास असा काही नसतोच. घराच्या नोंदीत धर्मपिता शेजारचा, शेतात कूळ कोणाचे आणि मजूर कोणाचा, बहीण दिलेली कुठे, पाणी घेतले कोणाबरोबर. हे सगळे काढून टाकले तर उरते नावांची एक उभी ओळ, आणि ती कोणाचीही असू शकते. क्रॉमवेलच्या पेटीची दुसरी किल्ली कोणाकडे होती ते आठवावे.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी चर्च आणि तलाठी कचेरी नंतर गाठावी. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावे. पूर्वज कोण होते असे विचारू नये, त्याला ठरलेली उत्तरे मिळतात. लग्नात कोण कोण आले होते, बाळंतपणाला कोण धावले, रहाटावर पाळी कोणाबरोबर होती, शेतात कोण येत होते, आणि कोणत्या घराशी बोलणे बंद झाले, हे विचारावे. ती सांगेल त्या प्रत्येक गोष्टीखाली सांगणारीचे नाव आणि तारीख लिहावी. मग कागद काढावेत. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत शेजारच्या घरी द्यावी. त्यांच्या पूर्वजांची नावे तिच्यात असणारच, आणि आपल्या चुका त्यांच्याइतक्या आवडीने दुसरे कोणी दाखवणार नाही.